उजेड लागू देऊ नका

२००६ चा मे महिना. आमच्याकडचा मे म्हणजे काय, ते चंद्रपूर जिल्ह्यात न राहिलेल्या माणसाला सांगून कळत नाही. दुपारी बारा ते चार गाव मेल्यासारखं असतं. कुत्रीही नाल्याच्या ओल्या रेतीत पोट घालून पडतात. अशा एका दुपारी मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वावरातून आले, ओसरीत बसले आणि म्हणाले, "डोस्कं फुटून राह्यलं." पाणी पिता पिता त्यांची जीभ अडखळायला लागली. वरोऱ्याच्या डॉक्टरांनी बीपी मोजलं, यंत्र बदलून पुन्हा मोजलं आणि सरळ नागपूरला पाठवलं. वरचा आकडा २३० च्या पुढे होता.

नागपूरच्या त्या आयसीयूत मला दिवसातून दोनदा आत सोडायचे. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून घरच्यांच्या मते मी अर्धी डॉक्टर. आत गेल्यावर पहिल्यांदा दिसली ती सलाईनची बाटली. तिला वरून खालपर्यंत काळा कागद गुंडाळला होता. नळीलासुद्धा. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "उजेड लागू देऊ नका. कागद सरकला तर मला हाक मारा."

दुसऱ्या दिवशी मोठेबाबांची शुद्ध नीट आली. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"काऊन वं बाई, ह्या बाटलीले लुगडं कोनं नेसवलं?"

मी हसले, आणि मग बाटलीवरचं नाव वाचलं. सोडियम नायट्रोप्रुसाइड. माझं हसू तिथंच थांबलं, कारण हे नाव मी दर वर्षी ऑक्टोबरात फळ्यावर लिहिते. बारावीच्या प्रॅक्टिकलला, दिलेल्या सेंद्रिय पदार्थात गंधक आहे का ते पाहायचं असतं. सोडियमबरोबर तापवून अर्क काढायचा आणि त्यात याच द्रावणाचे दोन थेंब टाकायचे. गंधक असेल तर झकास जांभळा रंग येतो. पोरी ओरडतात, "मॅडम, जांभळा आला!" आमच्या लॅबमध्ये ही बाटली तपकिरी काचेची असते आणि कपाटाच्या आतल्या कप्प्यात राहते. लॅब असिस्टंटला मीच सांगत आले होते की ही उजेडात ठेवू नका, खराब होते. का खराब होते, हा प्रश्न मला पंधरा वर्षांत पडला नव्हता. शिकवणाऱ्या माणसाचं असंच होतं. रोज ज्या शब्दाला हात लागतो, तो गुळगुळीत होऊन जातो.

त्या आठवड्यात नागपूरच्या लॉजवर बसून मी तो प्रश्न स्वतःला विचारला.

या रेणूच्या मधोमध लोखंडाचा एक अणू आहे. त्याला पाच सायनाइड चिकटलेले आहेत आणि सहाव्या जागी नायट्रिक ऑक्साइड. नायट्रोजनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक, बस. रक्तात गेल्यावर हा सहावा पाहुणा सुटतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंना सैल करतो. नळ्या रुंदावल्या की दाब उतरतो. पण उजेड पडला तर हा पाहुणा बाटलीतच सुटून जातो, नसेपर्यंत पोचतच नाही, आणि मागे राहिलेल्यातून सायनाइड मोकळं व्हायला लागतं ते वेगळंच. म्हणून लुगडं.

नायट्रिक ऑक्साइड हा तसा बदनाम वायू. गाड्यांच्या धुरातला, कारखान्याच्या चिमणीतला. आमच्या वर आभाळात वीज कडाडते तेव्हाही हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन त्या भट्टीत एकत्र येऊन हाच तयार होतो. पुढे त्याचं नायट्रेट होतं आणि पावसाबरोबर वावरात उतरतं. गरजून आलेल्या पावसानं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वेगळीच तरारते असं म्हातारे सांगतात, त्यात रसायनशास्त्राच्या दृष्टीनं काही खोटं नाही. युरियाच्या गोणीपुढे तो वाटा किती, हा भाग वेगळा.

हाच वायू आपल्या शरीरात तयार होतो, आणि तोही निरोप्या म्हणून, यावर १९८० च्या दशकापर्यंत कुणाचा विश्वास बसला नसता. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांना १९८० मध्ये दिसलं की रक्तवाहिनीच्या आतलं नाजूक अस्तर खरवडलं गेलं तर ती नळी सैल व्हायचं विसरते. म्हणजे अस्तर काहीतरी सोडत होतं. ते काहीतरी म्हणजे हा वायू, हे उलगडायला आणखी सहा-सात वर्षं गेली. फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीड मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. गंमत अशी की ज्याच्या नावानं ते पारितोषिक, त्या आल्फ्रेड नोबेलनं पैसा कमावला नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटकांवर, आणि म्हातारपणी छातीत दुखायला लागल्यावर डॉक्टरांनी त्याला औषध लिहून दिलं ते नायट्रोग्लिसरीनच. ते शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडतं हे मुराद यांनी दाखवलं १९७७ मध्ये, तेव्हा नोबेलला जाऊन ऐंशी वर्षं झाली होती. माझे वडील खिशात जी जिभेखाली धरायची गोळी घेऊन फिरायचे, तीही याच घराण्यातली.

मोठेबाबा पंधरा दिवसांनी घरी आले. बीपीची गोळी कायमची लागली. मीठ कमी झालं, थोडे दिवस. खर्रा मात्र कमी झाला नाही.

खर्रा काय असतो हे पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगावं लागेल. सुपारीचा भरडा, तंबाखू आणि चुना, हे सगळं पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या कागदात, घालून पाटीवर घोट घोट घोटायचं. पुडी गरम लागेपर्यंत. पानठेल्यावर उभं राहिलं की बोलण्यापेक्षा घोटण्याचाच आवाज जास्त. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली, खर्ऱ्यानं ती जागा आरामात भरून काढली. आमच्याकडे पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी पुडी पुढे होते. लग्नात, मयतीत, ग्रामसभेत, सगळीकडे. सुपारी निरुपद्रवी आहे, दोष फक्त तंबाखूचा, असं मानणारे सुशिक्षित लोक मी रोज भेटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं सुपारीला तंबाखूशिवायही कॅन्सरकारक ठरवून २० वर्षं उलटली. पानठेल्यावर अजून ते पोचलेलं नाही.

२०१७ च्या दिवाळीत मोठेबाबा जेवताना म्हणाले, "भाजी लय तिखट केली."

मोठीआईनं माझ्याकडे पाहिलं. भाजी भोपळ्याची होती. सावजी रश्शावर वरून तिखट मागणारा हा माणूस, आणि भोपळा झोंबत होता. मी भाकरीचा घास मोडता मोडता पाहिलं, तर घास आत जायला तोंड पुरेसं उघडत नव्हतं. बारीक तुकडे करून, बोटानं ढकलून ते जेवत होते. किती दिवसांपासून? "झाले सात-आठ महिने," मोठीआई म्हणाली. गालाच्या आत एक चट्टा होता, तो त्याहून आधीपासून. त्यांना वाटायचं दाढ लागते.

ते वर्ष बोंडअळीचं. गुलाबी अळीनं विदर्भातली पऱ्हाटी त्या वर्षी आतून खाऊन टाकली. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत किडकी सरकी आणि पिवळा पडलेला कापूस. लोकांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या. अळी बोंडाच्या आत, औषध पानावर. यवतमाळकडे तर फवारणाऱ्या माणसांचेच जीव गेले. डिसेंबरात मोठेबाबांचं ऑपरेशन झालं. डावीकडच्या जबड्याचा एक भाग, गालाचा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीची चामडी तिथं आणून लावली. त्या वर्षी वेचणीला घरचं कुणी नव्हतं, आणि वेचण्यासारखं फारसं काही नव्हतंही.

फेब्रुवारीपासून किरणोपचार. सहा आठवडे, तीस बैठका, आणि दर आठवड्याला एकदा सलाईनमधून केमो. पुन्हा नाव वाचलं. सिस्प्लॅटिन.

"मोठेबाबा, तुमच्या नसेतून प्लॅटिनम जाऊन राह्यलं."

त्यांना बोलायला त्रास व्हायचा. हातानंच विचारलं, काय?

"सोन्यासारखा महाग धातू असतो."

पाटीवर त्यांनी लिहिलं, "वापस काढता येते का?"

सिस्प्लॅटिनची कथा मी वर्गात हौसेनं सांगते. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग हे संशोधक जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. जिवाणू वाढायचे पण दुभंगायचे नाहीत, लांबच लांब धागे व्हायचे. दोष विजेचा नव्हता. विजेसाठी बुडवलेल्या प्लॅटिनमच्या काड्या थोड्या विरघळत होत्या. जे जिवाणूला दुभंगू देत नाही ते कॅन्सरच्या पेशीलाही देणार नाही, हा तर्क खरा निघाला, आणि १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. वर्गात इथं पोरं खूश होतात. पुढचं मी २०१८ पर्यंत सांगत नव्हते, कारण पाहिलं नव्हतं. पोटात पाणी ठरत नाही. मूत्रपिंडं सांभाळावी लागतात, म्हणून आधी आणि नंतर बाटल्याच बाटल्या. कानात कायमची शीळ वाजायला लागते. औषधाला गालातली गाठ आणि कानातल्या पेशी यांतला फरक कळत नाही. पऱ्हाटीवरच्या फवाऱ्यासारखंच. तासच्या तास ओलं करत जायचं आणि आशा ठेवायची.

किरणोपचाराच्या बाहेर बाकड्यावर रोज दोन-अडीच तास जायचे. मी मोबाइलवर वाचत बसायचे. धातू आणि कॅन्सर एवढंच शोधत होते, आणि एक दिवस ते काळ्या कागदाचं लुगडं पुन्हा समोर आलं. १९९७ चा एक शोधनिबंध होता, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बारा विद्यापीठाच्या पीटर फोर्ड आणि सहकाऱ्यांचा. विषय रूसँचे क्षार. लोखंड, गंधक आणि नायट्रिक ऑक्साइड यांची ही संयुगं, रूसँ नावाच्या फ्रेंच रसायनज्ञानं १८५८ मध्ये केलेली. एक काळा क्षार, एक लाल. शंभर-सव्वाशे वर्षं ती जुन्या पुस्तकांत पडून होती. फोर्ड मंडळींनी ती पेशींच्या ताटलीत टाकली, वरून उजेड सोडला, आणि त्याच वेळी गॅमा किरण. उजेडानं नायट्रिक ऑक्साइड सुटलं आणि ज्या पेशी किरणांना दाद देत नव्हत्या त्या मरायला लागल्या.

बाकड्यावर मी ताठ बसले. सिस्टर ज्याला घाबरत होत्या, नेमकं तेच इथं कामाला लावलं होतं. बाटलीतली खोड हीच औषधाची करामत. आत मोठेबाबांना जे किरण देत होते त्यांचीही एक अडचण मला तेव्हाच कळली. गाठ भराभर वाढते, तिच्या पोटात रक्तवाहिन्या धड पोचत नाहीत, आणि आतल्या पेशी ऑक्सिजनवाचून गुदमरलेल्या अवस्थेत जगतात. अशा पेशी मारायला अडीच ते तीन पट किरण लागतात. ऑक्सिजन असेल तरच किरणांचा घाव पक्का बसतो. बोंडाच्या आतली अळी ती हीच. नायट्रिक ऑक्साइड तिथं ऑक्सिजनची जागा घेऊ शकतो, शिवाय स्वतःही घाव घालतो. पेशीच्या ऊर्जाघरातल्या लोखंडाला धरून बसतो, डीएनए बनवणाऱ्या यंत्रणेत अडथळा आणतो, आणि सुपरऑक्साइडशी, म्हणजे ऑक्सिजनच्या एका तापट रूपाशी, गाठ पडली तर त्याहून जहाल पेरॉक्सिनायट्राइट तयार होतं.

मग सरळ हा वायूच का देत नाहीत? कारण तो शरीरात काही सेकंदच टिकतो आणि केसाच्या जाडीच्या दोन-चार पट अंतरापलीकडे फारसा जात नाही. सगळ्या अंगात सोडला तर बीपी कोसळेल. आणि सगळ्यात वाकडी गोष्ट म्हणजे त्याचं प्रमाण. थोडा असेल तर तो गाठीलाच मदत करतो, नव्या रक्तवाहिन्या फुटायला, पसरायला. भरपूर असेल तरच मारतो. ओलीत कमी झालं तर तण माजतं आणि तुंबून राहिलं तर कुजतं, तसा हा हिशोब. म्हणून तो हवा तिथंच, हवा तेव्हाच आणि हवा तेवढाच सुटला पाहिजे. धातूच्या कैदेत बांधून न्यायचा आणि किल्ली उजेडाच्या हाती द्यायची, ही कल्पना त्यातून आली.

लोखंडानंतर क्रोमियम झालं, मँगनीज झालं, पण सगळ्यात जास्त जीव जडला रुथेनियमवर. प्लॅटिनमच्याच कुटुंबातला हा धातू, १८४४ मध्ये रशियात कझानला कार्ल क्लाउस यांनी वेगळा केलेला. रुथेनियम आणि नायट्रिक ऑक्साइड यांचा बंध अंधारात भक्कम असतो. पाण्यात, रक्ताच्या उबेत सहसा जागचा हलत नाही. प्रकाशाचा कण शोषला गेला की धातूकडचा एक इलेक्ट्रॉन उडी मारून नायट्रिक ऑक्साइडच्या अशा कप्प्यात जातो की दोघांमधली पकडच सैल पडते. पाहुणा निघून जातो, त्याच्या जागी पाण्याचा रेणू येऊन बसतो. उजेड बंद, काम बंद. आणि या कामाला ऑक्सिजन लागत नाही, म्हणजे गुदमरलेल्या पेशींपुढेही ते अडत नाही.

उजेडानं उपचार ही गोष्ट आम्हाला नवी नाही, असं म्हणायचा मोह होतो. आमच्या धुऱ्यावर बावची वाढते. कोडाच्या डागांवर तिच्या बियांचं तेल लावून उन्हात बसायचं, हा उपाय मोठीआईच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या होता. तिच्यातल्या सोरालेन या द्रव्यावर अतिनील किरण पडले की ते त्वचेत काम करतं, हे आता सिद्ध आहे, आणि दवाखान्यातही सोरालेन देऊन वर अतिनील दिवा लावतात. पण आपल्याकडे सगळं आधीपासूनच होतं, या चालीवरची वाक्यं मला आवडत नाहीत. बावचीचं तेल लावून आमच्या उन्हात तास-दीड तास बसलेल्या माणसाच्या अंगावर उठलेले फोड मी पाहिलेत. किती लावायचं, कोणता उजेड, किती मिनिटं, हे मोजणं म्हणजेच विज्ञान, आणि ते माहेरी नव्हतं.

कॅन्सरसाठी उजेडाचा वापर दवाखान्यात सुरू होऊनही बरीच वर्षं झाली. उजेडानं जागं होणारं एक रंगद्रव्य नसेतून द्यायचं आणि गाठीवर लाल लेसर सोडायचा. अशा पहिल्या औषधाला १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. पण ही पद्धत ऑक्सिजनवर चालते, तो नसेल तर थंड पडते. दुसरं म्हणजे ते रंगद्रव्य कातडीत रेंगाळतं, म्हणून रोग्यानं निदान महिनाभर उन्हात जायचं नाही. हे मी मोठेबाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पाटी ओढली.

"वावरात रातीले जाऊ का?"

आणि खाली, "अंधारात साप रायते."

ते विनोदानं म्हणाले होते, पण रेडिएशनच्या खोलीबाहेर बसून मला तो विनोद वाटेना. एखादं औषध कुठल्या देशात सुचतं, त्यावर त्याचे नियम ठरतात. महिनाभर पडदे ओढून घरात बसणं टोरांटोच्या पेन्शनरला जमेल. आमच्याकडे संडास घरामागं आहे, वावर दीड कोसावर, आणि ऊन सकाळी सातलाच भिंतीवर चढलेलं असतं.

उजेडाची दुसरी अडचण मी घरीच दाखवली. रात्री लाइट गेली होती. चुलतभावाच्या पोरीला अंगणात घेऊन मोबाइलच्या टॉर्चवर तळहात ठेवायला सांगितलं. हात कडेनं लालभडक झाला. "आत्या, रक्त दिसून राह्यलं!" ते रक्त दिसत नव्हतं, पण कारण रक्तच. पांढऱ्या उजेडातला निळा-हिरवा भाग रक्तानं आणि कातडीनं गिळून टाकला, आरपार आला तो फक्त लाल. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला उजेडच मांसात काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर शिरतो. आणि रुथेनियमची बरीचशी संयुगं किल्ली म्हणून मागतात निळा किंवा अतिनील प्रकाश. म्हणजे कुलूप आतल्या खोलीचं आणि किल्ली अंगणातच अडकलेली. यावर लोक झगडतायत. कुणी त्या धातूला लाल उजेड शोषणारं रंगद्रव्य जोडतं. कुणी असे सूक्ष्म कण वापरतं जे ९८० नॅनोमीटरचे अदृश्य किरण गिळून आतल्या आत निळा-हिरवा उजेड ओकतात. कुणी केसासारखी काचेची तार थेट गाठीत खुपसतं. यातलं बहुतेक सगळं अजून पेशींच्या ताटलीत आणि उंदरांत आहे. उजेडानं नायट्रिक ऑक्साइड सोडणारं धातूचं औषध घेऊन कॅन्सरमधून उठलेला माणूस मला दाखवता येणार नाही. त्याच्या चुलत घराण्यातलं एक रुथेनियम संयुग, वायू न सोडता ऑक्सिजनमार्फत मारणारं, कॅनडात मूत्राशयाच्या रोग्यांवर तपासलं जातंय. आणि २०२० मध्ये जपाननं डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी लाल लेसरनं जागं होणाऱ्या एका औषधाला मान्यता दिली. त्यात धातू-वायूचा खेळ नाही, पण उजेडाचा आहे.

डोकं-मान म्हणजे तोंड आलं. इथं मी पुन्हा पुन्हा अडते. पोटात, मेंदूत, यकृतात उजेड न्यायचा म्हणजे दिव्य. पण गाल? जीभ? हिरडी? माणसाच्या शरीरात उजेड ज्या ज्या जागी सहज जातो त्यांत तोंड पहिलं. लेसर नको, काचेची तार नको. आ केला की झालं. आणि मोठेबाबांच्या गालातला तो चट्टा, जो आधी नुसता पांढरट असेल, मग लालसर, मग खरबरीत, तो दीड-दोन वर्षं तिथं होता. या काळात ते बीपीसाठी दर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जात होते. दंडाला पट्टा बांधला जायचा. गोळ्या लिहिल्या जायच्या. त्या खोलीत पेन-टॉर्च होती, मी पाहिलीय, टेबलावर पेनांच्या डब्यात उभी असायची. डॉक्टरांना तरी काय नावं ठेवू? मी स्वतः त्यांच्याशेजारी बसून जेवत होते, खर्ऱ्यावरून भांडत होते, नायट्रोप्रुसाइडची गंमत स्टाफरूममध्ये रंगवून सांगत होते. आ करा, हे काही मी म्हटलं नाही.

रेडिएशन संपलं त्या वर्षीच्या जूनच्या सुरुवातीला, रोहिण्या नुकत्याच संपलेल्या, मोठेबाबांना तपासणी करून गावी आणत होतो. चिमूर रस्त्याला लागेपर्यंत अंधार पडला. नाल्याजवळ गाडी थांबवली, त्यांना पाणी पाजायचं होतं. करंजाच्या झाडावर काजवे होते. हजारो नाहीत, पण झाड लुकलुकत होतं. मला हॉस्पिटलच्या बाकड्यावर वाचलेलं आठवलं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं होतं की काजव्याचा दिवा लावणारा निरोप्या नायट्रिक ऑक्साइडच आहे. पोटाजवळच्या पेशींमध्ये ऊर्जाघरं ऑक्सिजन खात बसलेली असतात. हा वायू त्यांना क्षणभर थोपवतो, वाचलेला ऑक्सिजन आत दिव्यापर्यंत पोचतो आणि उजेड पडतो. त्याच उजेडानं वायूची पकड सुटून दिवा विझायला मदत होत असावी, असाही त्यांचा अंदाज होता. मी हे मोठेबाबांना सांगितलं. इथं वायू उजेड लावतो आणि तिकडं उजेड वायू सोडतो.

ते बराच वेळ झाडाकडे पाहत होते. मग त्या ओढलेल्या, अर्ध्या तोंडानं म्हणाले, "माह्या लहानपणी लय रायचे."

मोठेबाबा आहेत अजून. पातळ खातात, वरण-भाताचा काला, आंबील. तोंड उघडं राहावं म्हणून डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरायला सांगितल्या होत्या, दर आठवड्याला एक वाढवायची. अकरापर्यंत गेले आणि थांबले. खर्रा सुटला, कारण घोटलेली पुडी धरायला गालच उरला नाही. मी गेले की विचारतात, "तुह्या त्या उजेडाच्या दवाईचं काय झालं?" मी सांगते, उंदरांवर चालू आहे. ते म्हणतात, "उंदराची मजा हाय."

गेल्या ऑक्टोबरात गंधकाचं प्रॅक्टिकल होतं. तपकिरी बाटली कपाटातून काढली, दोन थेंब टाकले, जांभळा आला. पोरं ओरडली. मग मी म्हटलं, आता सगळ्यांनी एक करा, आपली मधली तीन बोटं जुळवून उभी तोंडात घाला. हशा पिकला. पोरींची गेली. पुढच्या बाकांवरच्या पोरांची गेली. मागे खिडकीजवळ एक पोरगा होता, हुशार, टायट्रेशनला हात स्थिर असणारा. तो हसत नव्हता. त्याची दोन गेली, तिसरं दातांवर अडलं.

तास संपल्यावर त्याला थांबवलं. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात पन्नीची पुडी होती, मी ती पाहिल्याचं त्यानं पाहिलं. मी मोबाइलची टॉर्च लावली.

"आ कर."

गाल आतून पांढुरका होता, फरशीसारखा. बोट लावलं तर खाली दोऱ्या ताणल्यासारख्या लागल्या.

"मॅडम, उजेड डोळ्यावर येऊन राह्यला."

"डोळे मीट," मी म्हटलं. "तोंड अजून थोडं उघड."